वेगाची साक्ष : वस्तीच्या रस्त्यांवरील वेगमर्यादेच्या अंमलाचा इतिहास

१.

कायद्याचा इतिहास लिहिणारांचें लक्ष बहुधा कायद्यांतील आज्ञेकडे जातें. ती आज्ञा मोडली गेली हें सिद्ध कसें करावयाचें, ह्या प्रश्नाकडे तें क्वचित् जातें. वेगमर्यादेच्या बाबतींत मात्र हा दुसरा प्रश्नच मुख्य आहे. गाडीनें अमुक वेगापेक्षां अधिक वेगानें जाऊं नये, ही आज्ञा एका ओळींत लिहितां येते. परंतु वेग ही मागें कांहींहि न ठेवणारी वस्तु आहे. चोरीचा माल सांपडतो, खोटा शिक्का सांपडतो. बनावट सनद हातीं लागली तर तिचा कागद, शाई आणि अक्षराचें वळण तपासतां येतें. वेग मात्र गाडी दृष्टीआड झाली कीं नाहींसा होतो. राहते ती केवळ पाहणाराची स्मृति.

अस्सल आणि नक्कल, समकालीन टिपण आणि मागाहून रचलेली बखर, ह्यांचा भेद करण्यांत ज्यांचा काळ गेला आहे त्यांना ह्या अडचणीचें मर्म वेगळें सांगावयास नको. प्रस्तुत निबंधांत आम्ही ह्याच दृष्टीनें वेगमर्यादेच्या अंमलाचा मागोवा घेणार आहों. इंग्लंडांतील कायद्यांची परंपरा आम्हीं मुख्यतः घेतली आहे. कारण आमच्या देशांतील मोटारींच्या कायद्यांत पुराव्याचें जें कलम आहे त्याचा मूळ पाठ तेथलाच आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वेगमर्यादेचा अंमल जेथें धोका अधिक तेथें न बसतां, जेथें पुरावा सोपा तेथें बसत आला. आणि त्यामुळें ज्या वस्तीच्या रस्त्यांवर मुलें, म्हातारीं माणसें व पायीं चालणारे ह्यांचा जीव गुंतलेला असतो तेच रस्ते वारंवार मागें राहिले.

२.

आज ज्या शहरास न्यू यॉर्क म्हणतात तें डच लोकांच्या ताब्यांत असतांना न्यू ॲमस्टरडॅम ह्या नांवानें ओळखलें जात असे. तेथें १६५२ सालीं एक हुकूम निघाला. गाड्या, खटारे आणि बर्फावरून चालणाऱ्या घसरगाड्या शहरांत भरधांव हांकूं नयेत. हांकणारानें गाडींत बसूं नये वा उभें राहूं नये, तर घोड्याच्या बाजूनें पायीं चालावें, असा त्याचा आशय आहे. ब्रॉडवे हा हमरस्ता तेवढा वगळला होता. पहिल्या गुन्ह्यास दोन फ्लेमिश पौंड आणि दुसऱ्यास दुप्पट दंड सांगितला आहे.

ह्या हुकुमांत वेगाचा आंकडा नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आंकड्याची गरजच नव्हती. हांकणारा गाडींत बसलेला दिसला कीं गुन्हा सिद्ध झाला. त्याला घड्याळ नको, मोजलेलें अंतर नको, आणि तज्ज्ञ साक्षीदारहि नको. दारांत उभी असलेली बाईसुद्धां त्याची साक्ष देऊं शकत होती. मर्यादा माणसाच्या पावलांत बांधली होती, आणि पाऊल सर्वांना दिसतें.

इंग्लंडांतील वाफेच्या गाड्यांवरील निर्बंध सकृद्दर्शनीं निराळे दिसले तरी त्यांचें बीज हेंच आहे. १८६१ च्या कायद्यानें वाफेच्या गाडीस मोकळ्या रस्त्यावर ताशीं १० मैल आणि शहरांत व खेड्यांत ताशीं ५ मैल अशी मर्यादा घातली. १८६५ च्या कायद्यानें हे आंकडे अनुक्रमें ४ व २ मैलांवर आणले. गाडीबरोबर निदान तीन माणसें असावींत, आणि त्यांतील एकानें गाडीच्या पुढें निदान ६० यार्डांवर तांबडें निशाण घेऊन पायीं चालावें, असेंहि त्यांत होतें. ह्या निशाणवाल्याची पुढील पिढ्यांनीं पुष्कळ थट्टा केली. परंतु पुराव्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तो चालतेंबोलतें मापच होता. गाडीनें त्याला गांठलें कीं मर्यादा मोडली. हें पाहण्यास शिपायाचीहि आवश्यकता नव्हती. १८७८ च्या दुरुस्तीनें हें अंतर २० यार्डांवर आलें आणि तांबडें निशाण सक्तीचें राहिलें नाहीं. ह्याप्रमाणें पावलाची साक्ष सुटत चालली, पण तिच्या जागीं दुसरी कोणती ठेवावयाची ह्याचा विचार झाला नव्हता.

घोड्यांच्या गाड्यांना तर आंकडा असा नव्हताच. १८३५ च्या इंग्लंडांतील रस्त्यांच्या कायद्यांत आणि १८४७ च्या शहरपोलिसांच्या कायद्यांत ‘बेफाम’ हांकणें हा गुन्हा आहे. बेफाम हा शब्द मोजण्याचा नसून पाहण्याचा आहे. लोकांच्या जिवास धोका झाला काय, एवढें मॅजिस्ट्रेटानें साक्षीवरून ठरवावयाचें. घोड्याची चाल सर्वांच्या परिचयाची होती. दुडकी चाल कोणती आणि चौखूर कोणती, हें खेड्यांतील पोरहि सांगूं शके. तोंवर डोळ्यांची साक्ष पुरेशी होती.

३.

मोटार आली आणि डोळ्यांची साक्ष लंगडी पडली. १८९६ ह्या एकाच वर्षांतील दोन प्रकरणें शेजारीं ठेवलीं म्हणजे हें चांगलें दिसून येतें.

पहिलें जानेवारींतील आहे. केंट परगण्यांतील पॅडॉक वुड ह्या गांवांतून वॉल्टर अर्नोल्ड नांवाचा गृहस्थ आपली मोटार घेऊन ताशीं सुमारें ८ मैल वेगानें गेला. गांवांतील मर्यादा २ मैलांची होती. एका शिपायानें सायकलवर बसून त्याचा पाठलाग केला आणि त्याला पकडलें. वेगाबद्दल त्याला एक शिलिंग दंड व खर्च भरावा लागला. येथें मर्यादा चौपट ओलांडलेली असल्यामुळें अंदाज थोडा चुकला तरी निकालास बाध येत नव्हता.

दुसरें प्रकरण त्याच वर्षाच्या ऑगस्टांतील. लंडनच्या दक्षिणेस क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखालीं सांपडून मरण पावली. ब्रिटनांत मोटारीच्या धक्क्यानें पायीं चालणारें माणूस दगावल्याचें हें पहिलें प्रकरण मानतात. कॉरोनरपुढें चौकशी झाली तेव्हां गाडीचा वेग किती, हाच मुख्य प्रश्न झाला. गाडी आगीच्या बंबाच्या वेगानें आली, असें एका साक्षीदाराचें म्हणणें पडलें. आपण ताशीं ४ मैलांनीं जात होतों, असें हांकणारानें सांगितलें. आणि यंत्र तपासणारानें तें यंत्र ताशीं साडेचार मैलांहून फारसें अधिक जाऊं शकत नाहीं, असा निर्वाळा दिला. ज्यूरीनें अपघाती मृत्यु असा निकाल दिला.

गाडी एक आणि क्षणहि एक. पण एकाच्या मतें ती पायीं चालणाराच्या चालीनें येत होती, तर दुसऱ्याच्या मतें बंबाच्या. कोण खरें बोलत होता ह्याचा निवाडा आतां होणें नाहीं. पण ज्या वस्तूची सवय नाहीं तिचा वेग डोळा सांगूं शकत नाहीं, एवढें ह्यावरून निश्चित होतें. त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरपासून नवा कायदा अंमलांत आला. त्यानें हलक्या मोटारींना ताशीं १४ मैलांची परवानगी दिली होती, ती सरकारी नियमांनीं १२ मैलांवर आणली. आणि गाडीपुढें माणूस चालविण्याची अट अशा गाड्यांपुरती गेली. पाऊल गेलें, आंकडा तेवढा राहिला.

४.

१९०३ चा मोटारींचा कायदा हा ह्या इतिहासांतील मोठा टप्पा होय. तो १ जानेवारी १९०४ पासून लागू झाला. त्यानें सर्वसाधारण मर्यादा ताशीं २० मैल केली. गाडीवर नंबराची पाटी आणि हांकणाराजवळ परवाना असलाच पाहिजे असें ठरविलें. आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या मागणीवरून ठराविक जागीं १० मैलांची मर्यादा घालण्याची सोय ठेवली. म्हणजे दाट वस्तीकरितां निराळा आंकडा ही कल्पना ह्या कायद्यांत स्पष्ट आहे. नंबराच्या पाटीमुळें गाडी कोणाची, हा प्रश्न बराच सुटला. वेग किती, हा राहिला.

त्याविषयीं कायद्याच्या नवव्या कलमांत एक छोटें वाक्य आहे. केवळ एका साक्षीदाराच्या वेगाविषयींच्या मतावरून कोणासहि २० मैलांची मर्यादा ओलांडल्याबद्दल दोषी ठरवूं नये, असा त्याचा अर्थ. आमच्या मतें वेगमर्यादेच्या अंमलाचा पुढील सगळा इतिहास ह्या एका वाक्याचें भाष्य आहे. शिपायाचें मत हें मत आहे, माप नव्हे, हें कायद्यानें येथें कबूल केलें. एकट्या बखरकाराच्या शब्दावर तह किंवा लढाई सिद्ध मानूं नये, असा जो दंडक इतिहाससंशोधनांत आहे, त्याच जातीचें हें वाक्य आहे.

ह्याचा परिणाम असा झाला कीं, पोलिसांनीं मोजमाप सुरू केलें. रस्त्याचा एक सरळ तुकडा, बहुधा एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड, मोजून घ्यावयाचा. एका टोंकास एक शिपाई कुंपणाआड बसे व गाडी येतांच रुमालानें खूण करी. दुसऱ्या टोंकाचा शिपाई स्टॉपवॉचवर वेळ घेई, आणि पुढें उभा असलेला तिसरा गाडी अडवी. ह्यासच वेगाचा सांपळा असें नांव पडलें.

ह्या सांपळ्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशीं २० मैल वेगानें एक फर्लांग तोडण्यास साडेबावीस सेकंद लागतात. खूण पोंचण्यांत व घड्याळ दाबण्यांत एका सेकंदाची चूक झाली तर २० मैलांचे सुमारें २१ मैल होतात. अंतर निम्में केलें तर तीच चूक वेगास जवळजवळ २२ मैलांवर नेते. अर्थात् अंतर जितकें लांब, रस्ता जितका सरळ आणि रहदारी जितकी विरळ, तितका पुरावा भक्कम. पण असा रस्ता कोठें सांपडतो? गांवाबाहेर. वस्तीच्या रस्त्यावर फर्लांगभर मोकळी दृष्टि नाहीं. मध्यें भाजीवाल्याच्या गाड्या आहेत, वळणें आहेत, फाटे आहेत, मुलें आहेत. ज्या गोष्टींमुळें तेथें वेग प्राणघातक होतो, नेमक्या त्याच गोष्टींमुळें तेथें तो मोजतां येत नव्हता. सांपळे ब्रायटनच्या आणि पोर्ट्समथच्या हमरस्त्यांवर लागले. सुरक्षित जागीं आम्हांस पकडतात, अशी मोटारवाल्यांची तक्रार होती. ती स्वार्थाची असली तरी अगदींच निराधार नव्हती.

मोटारवाल्यांनीं १९०५ सालीं ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था काढली. तिचे सायकलस्वार ब्रायटनच्या रस्त्यावर फिरून सांपळ्याची आगाऊ सूचना देत. ही सूचना देणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा होय काय, ह्यावर दोन निवाडे झाले. बॅस्टेबल विरुद्ध लिटल ह्या १९०७ च्या निवाडेसंग्रहांतील खटल्यांत गाड्या आधीं बेकायदा वेगानें जात होत्या असें दाखविलें गेलें नव्हतें. म्हणून सूचना देणारा सुटला. बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स ह्या १९१० च्या संग्रहांतील खटल्यांत त्या तशा जात होत्या असें सिद्ध झालें. म्हणून सूचना देणारा दोषी ठरला. पुढें संस्थेनें युक्ति काढली. स्वार सभासदास नेहमीं सलाम करी. त्यानें सलाम केला नाहीं तर सभासदानें थांबून कारण विचारावें. सलाम न करणें हा गुन्हा होत नाहीं. येथेंहि भांडण वेगाचें राहिलें नव्हतें, पुराव्याचें झालें होतें.

५.

मोटारींविषयींच्या रॉयल कमिशननें १९०६ सालींच सर्वसाधारण मर्यादा काढून टाकण्याची शिफारस केली होती. ती तशीच पडून राहिली, आणि २० मैलांची मर्यादा कागदावर कायम राहून रस्त्यावर सर्वत्र मोडली जाऊं लागली. अखेर १९३० च्या रस्ता-वाहतुकीच्या कायद्यानें मोटारींवरील ही मर्यादा रद्द केली. जो कायदा पाळला जात नाहीं तो ठेवूं नये, हें तत्त्व त्यामागें होतें. तत्त्व वाईट नव्हतें. पण त्याबरोबर वस्तीच्या रस्त्यांवरील सर्वसाधारण संरक्षणहि गेलें.

१९३४ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं व दोन लक्षांवर जखमी झालीं. त्याच वर्षीं नवा कायदा झाला, आणि १८ मार्च १९३५ पासून दाट वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा आली. लेस्ली होर-बेलीशा हे त्या वेळीं वाहतूकमंत्री होते. १९३५ सालीं मृत्यूंचा आंकडा ६,५०२ वर उतरला. तथापि ही सर्व घट एकट्या मर्यादेच्या पदरीं बांधणें बरोबर होणार नाहीं. पायीं चालणारांसाठीं आंखलेलीं ओलांडण्याचीं ठिकाणें आणि नव्या हांकणारांची सक्तीची परीक्षा हेहि उपाय त्याच सुमारास आले.

ह्या कायद्यांतील एक तपशील संग्राहकांच्या आवडीचा आहे. दाट वस्ती म्हणजे काय, हें ठरवावें कसें? घरें मोजावयाचीं कीं माणसें? कायद्यानें दिवे मोजले. ज्या रस्त्यावरील दिवे एकमेकांपासून २०० यार्डांहून अधिक दूर नाहींत तो रस्ता वस्तीचा. दिव्याचा खांब हा जागचा हलत नाहीं. त्याचें अंतर कोणासहि मोजतां येतें. आणि हांकणाराला तो दिसतो. मर्यादा कोठें लागू, ह्या प्रश्नाचा पुरावा ह्याप्रमाणें रस्त्यांतच रोवला गेला. ही युक्ति इतकी टिकाऊ ठरली कीं, १७ सप्टेंबर २०२३ रोजीं वेल्समध्यें अशा रस्त्यांवरची मर्यादा ३० वरून २० मैलांवर आणली, तेव्हांहि रस्ता ओळखण्याची खूण म्हणून हेच दिवे कामास आले.

६.

मर्यादा मोडली कोणी, ह्याचा पुरावा मात्र यंत्रांकडे सरकत गेला. पोलिसांची गाडी मागून ठराविक अंतर राखून जाई आणि स्वतःच्या वेगमापकावरून पुढील गाडीचा वेग सांगे. हें एका साक्षीदाराचें मत कीं माप? निकोलस विरुद्ध पेनी ह्या १९५० च्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, शिपाई एकटा असला तरी त्यानें वेगमापकावर पाहिलेला आंकडा हें निव्वळ मत नव्हे. त्यावर दोषी ठरवितां येतें. येथून यंत्राचा कांटा हा दुसरा साक्षीदार झाला.

त्यानंतर रडार आलें. पुढें डच मोटारस्पर्धक मॉरिस गॅट्सोनिडस ह्यानें काढलेलें यंत्र पसरलें. हा गृहस्थ १९५३ ची माँटे कार्लोची शर्यत जिंकणारा. वळणावर स्वतःचा वेग किती राहतो हें पाहून तो वाढवावा, ह्यासाठीं त्यानें वेग मोजण्याचें साधन बनविलें होतें. तेंच पुढें वेगवानांना पकडण्याच्या उपयोगीं पडलें. ब्रिटनांत १९९१ च्या कायद्यानें स्वयंचलित कॅमेऱ्याचा पुरावा ग्राह्य केला आणि पुढील वर्षापासून असे कॅमेरे लागूं लागले. त्यांची पद्धत पाहिली तर जुनी ओळख पटते. यंत्र थोड्या अंतरानें दोन छायाचित्रें घेतें. रस्त्यावर पांढऱ्या रेघा मोजून आंखलेल्या असतात. दोन चित्रांमध्यें गाडीनें किती रेघा ओलांडल्या ह्यावरून वेग पडताळतां येतो. मोजलेलें अंतर आणि मोजलेला वेळ! कुंपणाआडच्या तीन शिपायांचें काम एका पेटींत आलें एवढेंच. परंतु ह्या वेळीं मागें कांहीं तरी राहिलें. वेगाचा अस्सल कागद पहिल्यानें हातीं आला.

तरीहि वस्तीचा रस्ता मागेंच राहिला. यंत्र महाग, आणि तें कोठें लावावें ह्याचे नियम असे होते कीं, त्या जागीं पूर्वीं मृत्यु किंवा गंभीर दुखापती झाल्याची नोंद असावी. विस्तृत हमरस्त्यावर अशा नोंदी एका जागीं सांठतात. गल्ल्यांमध्यें त्या विखुरतात. एका गल्लींत एक मूल ह्या वर्षीं, शेजारच्या गल्लींत दुसरें पुढच्या. कोणत्याहि एका गल्लीचा आंकडा भरत नाहीं. फर्लांगाचा पुरावा जसा गल्लीस मिळाला नव्हता, तसाच हा नोंदींचा पुरावाहि मिळाला नाहीं.

७.

ह्या कोंडींतून निघण्याचा मार्ग पुनः डच लोकांनीं दाखविला. डेल्फ्ट ह्या त्यांच्या शहरांत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कांहीं राहत्या गल्ल्या नव्यानें रचल्या गेल्या. फरसबंदी एका पातळींत, मध्यें झाडें, बांक, मुलांस खेळण्यास जागा, आणि गाडीस वळत वळतच जावें लागेल अशी मांडणी. ह्यांस वोनएर्फ, म्हणजे राहण्याचें अंगण, असें नांव आहे. १९७६ सालीं त्यांना कायद्यानें मान्यता मिळाली, आणि तेथें गाडीची मर्यादा ठरली ती पायीं चालण्याची चाल. सव्वातीनशें वर्षांपूर्वींच्या न्यू ॲमस्टरडॅमच्या हुकुमांतील पाऊल येथें परत आलें. ही जाणून केलेली आठवण होती, असें आम्ही म्हणत नाहीं. गरज एकच असली म्हणजे उपायहि सारखा सुचतो.

ब्रिटनांत ह्याच अर्थाचा साधा उपाय म्हणजे रस्त्यावरचा उंचवटा. सरकारी प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत प्रयोग होऊन १२ फूट लांब व ४ इंच उंच असा गोलसर आकार निश्चित झाला, आणि १९८१ च्या कायद्यानें तो सार्वजनिक रस्त्यावर बांधण्याची मुभा मिळाली. १९९१ च्या आरंभीं शेफील्ड, किंग्स्टन आणि नॉरिच ह्या ठिकाणीं ताशीं २० मैलांचीं पहिलीं क्षेत्रें झालीं. त्यांत पाटीबरोबर अशी बांधणीहि आवश्यक होती. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत अशा क्षेत्रांतील सरासरी वेग ताशीं ९ मैलांनीं, अपघात शेंकडा ६० नीं आणि मुलांचे अपघात शेंकडा ६७ नीं कमी झाल्याचें आढळलें. लंडनच्या वीस वर्षांच्या नोंदींवरून २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ही घट शेंकडा ४२ च्या सुमारास आली. ह्याच्या उलट पोर्ट्समथ शहरानें २००७-०८ मध्यें जवळजवळ सर्व राहत्या रस्त्यांवर केवळ पाट्या लावल्या. तेथें सरासरी वेग १.३ मैलांनींच उतरला.

हे आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे पाटी आणि बांधणी ह्यांतील अंतर कळतें. पाटी आज्ञा करते; तिला साक्षीदार लागतो. उंचवटा साक्षीदार मागत नाहीं, खटला भरीत नाहीं, दंडहि घेत नाहीं. पण त्याचा दोषहि तोच आहे. तो गुन्हेगार आणि निरपराध ह्यांत भेद करीत नाहीं. आजाऱ्यास नेणारी गाडी आणि आगीचा बंब ह्यांनाहि तो तितकाच अडवितो. न्यायाधीश नाहीं म्हणून अपील नाहीं. सबब उंचवट्यानें कायद्याचें काम संपलें, असें मानणें भाबडेपणाचें होईल.

८.

आतां आमच्या देशाकडे वळूं. १८६० च्या दंडसंहितेचें २७९ वें कलम बेदरकारपणें गाडी हांकण्याचें होतें. माणसाच्या जिवास धोका, ही त्याची कसोटी. आंकडा त्यांत नव्हता. ती संहिता १ जुलै २०२४ पासून मागें पडली, पण हीच कसोटी भारतीय न्यायसंहितेच्या २८१ व्या कलमांत उतरली आहे. इंग्लंडांतील ‘बेफाम’ ह्या शब्दाचें हें सख्खें भावंड.

पुराव्याचें कलम मात्र मोटारींच्या कायद्यांत आहे. १९३९ च्या कायद्यांत व नंतर १९८८ च्या कायद्याच्या १८३ व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून वेगाबद्दल दोषी ठरवूं नये. मात्र तें मत यांत्रिक साधनानें काढलेल्या अंदाजावर आधारलेलें असल्यास ठरवितां येईल. १९०३ चें वाक्य येथें ओळखूं येतें. पोथीची नक्कल करतांना लेखकानें समासांतील टीप मूळ संहितेंत घ्यावी तसा यंत्राचा अपवाद मात्र त्यांत सामील झाला आहे. इंग्लंडांत जें निवाड्यानें सिद्ध झालें तें येथें कायद्याच्या शब्दांतच आलें. २०१९ च्या दुरुस्तीनें ‘यांत्रिक’ ह्या शब्दापुढें ‘किंवा इलेक्ट्रॉनिक’ एवढे शब्द घातले. तीन पाठ एकापुढें एक ठेवले तर एका कलमाची वंशावळ डोळ्यांसमोर उभी राहते.

उंचवट्याचीहि अशीच वंशावळ आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या प्रमाणपुस्तिकेंत गतिरोधकाची लांबी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर सांगितली आहे, आणि तो ताशीं २५ किलोमीटर वेगासाठीं आहे. बारा फूट व चार इंच ह्यांचेंच हें मीटरांतलें रूप. परंतु आमच्या पेठांतून आणि उपनगरांतून जे गतिरोधक दिसतात त्यांतील पुष्कळांचा ह्या मापाशीं संबंध नसतो. कोठें मूल दगावलें, गल्लींतील लोक संतापले, आणि आखूड व उंच असा वरवंटा रातोरात रस्त्यावर आला, हें आपण सर्वजण पाहतों. अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें तो बेकायदा खरा. पण इतिहासाच्या दृष्टीनें तो एक दस्तऐवज आहे. पाटीची साक्ष देण्यास येथें कोणी येत नाहीं, हें त्या गल्लीनें डांबरांत लिहून ठेवलेलें असतें.

९.

वरील विवेचनावरून आम्ही येणेंप्रमाणें निष्कर्ष काढतों. पहिला, वेगमर्यादेचा अंमल दोन प्रकारांनींच बसलेला आढळतो : एक, मर्यादा मोडल्याचें सर्वांना दिसेल अशी ती बांधून, दुसरा, मोडल्याचें माप मागें राहील अशी सोय करून. पाऊल, तांबडें निशाण, दिव्याचा खांब व उंचवटा हीं पहिल्या वर्गांतलीं. फर्लांग, वेगमापक व छायाचित्र हीं दुसऱ्या. नुसता आंकडा ह्या दोहोंपैकीं कशांतच येत नाहीं, म्हणून नुसत्या आंकड्यानें रस्त्यावर फार थोडें घडून आलें. दुसरा, एका साक्षीदाराच्या मतावर दोषी ठरवूं नये हें कलम न्यायाच्या दृष्टीनें योग्यच आहे. तें सैल करावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याचा भार हमरस्त्यापेक्षां गल्लीवर अधिक पडला, हें मान्य केलें पाहिजे. माप नेण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनीं तें सोयीच्या जागीं नेलें.

तिसरा निष्कर्ष संशोधकांपुरता आहे. शहरांच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आपण सनदा, नकाशे, नगरपालिकांचीं दप्तरें जमा करतों. गल्लीगल्लीच्या वेगाविषयींच्या तक्रारींचे अर्ज, गतिरोधकाच्या मागणीच्या सह्या, कॅमेऱ्यांच्या जागांच्या याद्या हे कागद त्याच दप्तरांत पडून असतात आणि मुदत संपतांच रद्दींत जातात. आपल्या मुलांस दारासमोर सुखरूप ठेवण्यासाठीं सामान्य माणसांनीं कोणत्या काळीं काय मागितलें, ह्याची समकालीन आणि अस्सल साक्ष त्यांतच आहे. ज्यांच्या हातीं असे कागद येत असतील त्यांनीं ते जपावे, निदान त्यांच्या नकला करून ठेवाव्या, अशी आमची विनंति आहे.